खिळ्याची जागा

बैल पाडून झाला, चारी पाय दोरानं आवळून झाले आणि धाकट्यानं खिळे उजव्या गालात ठेवले. थोरल्याची हातोडी तिथंच थांबली.

"हे काय?"

"काय?"

"खिळे कुठं ठेवलेस?"

"तोंडात. खिशात ठेवले असते, तर तू हातोडी मलाच घातली असतीस."

बैलाचा मालक हसला. थोरला हसला नाही. काम चालू असताना त्याला हसू येत नसे आणि काम नसलं की हसायला कारण सापडत नसे. "डाव्या गालात ठेव," तो म्हणाला. "उजव्या हातात हातोडी, खिळे डाव्या गालात. बापानं काय शिकवलंय?"

"डावीकडं थोडं दुखतंय, दादा. आजच्या दिवस राहू दे."

थोरला पुटपुटत वाकला खरा, पण त्या दिवशी कामाची लय बसली नाही ती नाहीच. धाकट्याचा हात सवयीनं डाव्या ओठाकडं जायचा, तिथं काही नाही म्हणून परत फिरायचा, आणि तेवढ्यात बैल पाय झाडायचा.

गावात आणि आसपासच्या वाड्यांवर बैलांना नाल मारायचं काम या दोघा भावांचंच. पुढचे पाय धाकट्याचे, मागचे थोरल्याचे. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात खूर, मग खिळे धरायला माणसाला तोंडच उरतं. डोकी बाहेर, टोकं आत, असे ते दिवसभर गालात पडून राहायचे. काम संपलं की खिळे निघायचे आणि त्याच जागी तंबाखूची चिमूट बसायची. असं वर्षानुवर्षं चाललं की गालाच्या आत एक पांढुरका, जाडसर डाग उठे. घरात त्याला खिळ्याची जागा म्हणत. बाप जिवंत होता तेव्हा तो पोरांच्या गालात बोट घालून चाचपून बघायचा. थोरल्याची जागा लवकर आली. धाकट्याची उशिरा आली, आणि ज्या दिवशी बाप म्हणाला, "आली बघ, आता तू नालबंद झालास," त्या दिवशी हा पठ्ठ्या गल्लीभर आ करून लोकांना गाल दाखवत फिरला होता.

धाकट्याची आणखी एक कला होती. तोंडात खिळे असताना तो बोलायचा. एक अक्षर इकडचं तिकडं होत नसे. बैलाच्या मानेवर गुडघा टेकून तो त्याच्या कानात सुरू करायचा, "राजा, नवे जोडे घालतोय तुला. लाथा कशाला झाडतोस? मला जन्मात कुणी फुकट जोडे घातले नाहीत. तुझं नशीब बघ आणि माझं बघ." बैल कान हलवायचा आणि निवायचा. थोरल्याला हे कधी जमलं नाही. तोंडात खिळे आले की तो मुकाच. चारी पायांचं काम झालं, दोर सुटले, की बैलाच्या पाठीवर थाप मारून तो एकच शब्द बोलायचा, "ऊठ." आणि बैल उठायचा. बाकी सगळं बोलणं धाकट्याकडं लागलेलं होतं.

संध्याकाळी धाकटी बोलली. धाकट्याची बायको, घरात आणि गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणत. थोरली कधीच देवाघरी गेलेली, त्यामुळं दोन्ही भावांचं ताट हीच वाढायची आणि कुणी काय खाल्लं, काय टाकलं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसायचं.

"दादा, यांना कितीतरी दिवस झाले, तिखट तोंडाला लागलं की डोळ्यांतून पाणी येतंय. दूधभातावर आहेत."

"मग उष्णता असेल. ताक दे."

"ताक देऊन झालं. मागच्या बाजाराला मी यांना दवाखान्यात नेलं होतं."

थोरल्यानं भावाकडं बघितलं. धाकटा ताटात बघत बसला. चोरी पकडली गेली की तो लहानपणापासून असंच करायचा.

"दात काढायचा म्हणून नेलं," धाकटी म्हणाली. "दातांच्या डॉक्टरीणबाई येतात ना बाजाराच्या दिवशी. त्यांनी दात सोडला आणि गालच बघत बसल्या. म्हणाल्या, या डागाच्या कडेला लाल झालंय, हाताला टणक लागतंय. मसुरीएवढा तुकडा काढून शहरात तपासायला पाठवायचा. या बाजाराला बोलावलंय."

"कापायचं?"

"मसुरीएवढं."

"मसुरीएवढं असो नाहीतर मुगाएवढं, कापायचंच ना?" थोरल्यानं ताट सरकवलं. "अगं, ती खिळ्याची जागा आहे. मला आहे, बापाला होती. दुखत असेल तर आठ दिवस खिळे उजवीकडं ठेवू दे, माझी काही हरकत नाही. पण जित्या मांसात लोखंड घालायचं नाही."

त्याचं म्हणणं उगाच नव्हतं, हे सांगायलाच हवं. नालबंदाची सगळी विद्या एका गोष्टीत असते. खुराच्या वरच्या कवचात खिळा मारायचा, आतल्या जिव्हाळीला, जित्या मांसाला लागू द्यायचा नाही. जिव्हाळीत लोखंड गेलं की खूर सडतो, पाय जातो, बैल जातो. बापाच्या हातून एकदाच तसं झालं होतं, आणि तो बैल गेला तेव्हा बाप घरात पोरासारखा रडला होता. थोरल्यानं तेव्हापासून एकही खिळा चुकवला नव्हता. पण खुराचा नियम त्यानं गालाला लावला, तिथं सगळं चुकलं.

बाजाराच्या दिवशी तोही दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई वयानं लहान, आवाज बारीक. धाकटा खुर्चीत आडवा झालेला, डोक्यावर दिवा, बाई सुई भरत होत्या. दाराशी धाकटी उभी.

"बाई, हा रोग नाही," थोरला म्हणाला. "आमच्या धंद्याची खूण आहे. हे बघा." आणि त्यानं आपलं तोंड उघडून गाल ओढून दाखवला.

बाईंनी दिवा वळवून नीट बघितलं. "तुमचाही तुकडा काढायला हवा," त्या म्हणाल्या. "खिळ्यांपेक्षा मला तंबाखूची भीती वाटते. दोघांचेही डाग वरून सारखेच दिसतात. कुणाचा साधा आणि कुणाचा वाईट, ते नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येत नाही. आत काय चाललंय ते तुकडा तपासल्यावरच कळतं. आणि लवकर कळलं, तर तेवढंच काढून टाकून माणूस बरा होतो."

"आणि लोखंड लागून पसरलं म्हणजे?"

"तपासल्यानं पसरत नाही. तसंच ठेवलं तर पसरतं."

बाई समजावून सांगत होत्या, चिडल्या नव्हत्या. पण थोरल्याला सुई दिसत होती, आणि सुईच्या पलीकडं ताटलीत ठेवलेलं ते बारीक पातं. डोळ्यांसमोर बापाच्या हातून गेलेला तो बैल उभा राहिला. त्यानं भावाच्या दंडाला धरलं.

"ऊठ," तो म्हणाला.

धाकट्यानं एकदा दाराकडं, बायकोकडं बघितलं. मग तो उठला. दादानं ऊठ म्हटलं आणि आपण उठलो नाही, असं त्याच्या हातून आयुष्यात कधी झालं नव्हतं. धाकटी वाटेभर दोघा भावांच्या दहा पावलं मागून चालत राहिली.

त्यानंतर दिवस गेले. किती गेले ते थोरल्यानं मोजले नाहीत, कारण त्याच्या लेखी विषय संपला होता. मध्ये थोडे दिवस धाकट्याला बरंही वाटलं. तंबाखू सोडली, खिळे उजव्या गालात कायमचे गेले, त्याची सवयही झाली. थोरला म्हणायचा, "बघितलंस? उगाच कापून बसला असतास." धाकटा मान हलवायचा. त्याचं बैलांशी बोलणं मात्र कमी झालं. आधी जोडे गेले, मग नशीब गेलं, शेवटी नुसतं "राजा, राजा" एवढंच उरलं. थोरल्याला वाटलं, पोरगं मोठं झालं, पोरकटपणा गेला.

एक दिवस थोरला अंगणात हातोडीचा दांडा बसवत होता. धाकटी पाण्याची घागर घेऊन आली, ती घागर खाली न ठेवताच त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा, मामंजी कशानं गेले?"

"आता हे काय मध्येच? म्हातारपणानं गेले."

"शेवटचं वर्षभर त्यांना कोण भरवत होतं?"

"तूच."

"का भरवत होते? हात तर धड होते त्यांचे."

थोरल्यानं दांड्याचं टोक जमिनीवर ठोकलं.

"तोंड उघडत नव्हतं त्यांचं. चमचाही आत जात नव्हता, दातांच्या फटीतून पेज ओतावी लागायची. आणि तोंडाला वास यायचा. तुम्ही बाहेर असायचात, तुम्हाला तो वास माहीत नाही. मला माहीत आहे. मी वर्षभर त्या वासात बसले." तिनं आता घागर खाली ठेवली. "कालपासून यांच्या तोंडाला तोच वास येतोय."

दांडा थोरल्याच्या हातात तसाच राहिला. मला आहे, बापाला होती, असं तो त्या संध्याकाळी ताटावर छाती पुढं काढून म्हणाला होता. बापाला होती, आणि बाप कशानं गेला हे घरात कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी बाजार नव्हता. थोरल्यानं धाकट्याला गाडीत घातलं आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या गावी नेलं. बाईंनी बघताक्षणी ओळखलं. आता गालावर बाहेरूनही गाठ दिसत होती, मानेतही एक हाताला लागत होती. थोरला हात जोडून म्हणाला, "आता कापा बाई. हवं तेवढं कापा." बाईंनी त्याचे हात खाली घेतले. तुकडा काढून पाठवायचा म्हणून पाठवला, पण पुढच्या इस्पितळाची चिठ्ठी त्यांनी उत्तराची वाट न बघताच लिहून दिली.

शहरातल्या इस्पितळात धाकट्याचा अर्धा जबडा काढला. जिभेचाही एक भाग गेला. मसुरीएवढ्या तुकड्यावरून भांडण झालं होतं.

घरी परत आला तो तोंडावर फडकं बांधून. त्याला बोलता येत नव्हतं. तोंडात खिळे भरलेले असताना स्वच्छ बोलणारा माणूस रिकाम्या तोंडानं मुका झाला. तरी सकाळी नाल मारायची वेळ झाली की तो भिंतीला धरून बाहेर यायचा, बैलाच्या डोक्याशी बसायचा आणि कपाळावर हात ठेवून घशातून हुं हुं असा आवाज काढायचा. बैल निवायचे. त्यांना शब्द कधीच कळले नव्हते, आवाज तेवढा कळायचा. थोरला मागच्या पायांशी बसून पुढचेही पाय करायचा, आणि घाम पुसतोय असं दाखवून डोळे पुसायचा.

पण शहरातल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, उशीर झालाय, परत येईल. ते परत आलं.

शेवटी शेवटी धाकटा अंथरुणातच असायचा. एका दुपारी थोरला त्याच्याजवळ बसला होता. धाकट्यानं हातानं खूण केली, जवळ ये. थोरला वाकला. धाकट्यानं त्याचा ओठ बाजूला केला आणि गालात बोट घातलं. बाप घालायचा तसंच. चाचपत चाचपत तो त्या डागावर आला आणि तिथं बोट दाबून धरलं. मग बोट काढलं आणि खिडकीबाहेर, बाजाराच्या रस्त्याकडं दाखवलं. पुन्हा गालाला लावलं, पुन्हा रस्त्याकडं दाखवलं.

"काय? पाणी हवंय?" थोरला म्हणाला.

धाकट्यानं मान हलवली. नाही. डोळे भावावर रोखलेले.

"देतो, पाणी देतो," असं म्हणून थोरला उठला. दाराआड धाकटी उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं.

धाकटा गेला तेव्हा पाऊस संपून शेतं वाळत होती आणि गाड्यांची कामं सुरू होणार होती. बैल रोज दाराशी यायला लागले. थोरला एकटाच काम करायचा. पूर्वी दोघांचं जे काम सकाळच्या जेवणाआधी उरकायचं, त्याला आता दिवस पुरत नसे. बैल लाथा झाडायचे, मालक मानेवर बसून शिव्या द्यायचे, आणि थोरला तोंडात खिळे धरून, डाव्याच गालात धरून, मुकाट्यानं ठोकत राहायचा. तंबाखूही त्यानं वाढवली होती.

धाकटीनं बरेच दिवस ते बघितलं. मग एका रात्री ताट वाढलंच नाही.

"जेवण?" थोरला म्हणाला.

"उद्या बाजार आहे. दवाखान्यात चला, मग वाढते."

"मला काही झालेलं नाही."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. बोट लावून सांगितलं. तुम्ही पाण्याचं सोंग केलंत."

थोरला मग हळूच म्हणाला, "माझ्यामुळं गेला तो, धाकटे. मला झालं तर होऊ दे. त्यात काय चुकीचं आहे?"

"आणि भरवणार कोण?" धाकटीनं हातातला डाव खाली ठेवला. "मामंजींना मी भरवलं. यांना मी भरवलं. तिसऱ्याला भरवायची ताकद माझ्यात नाही, दादा. तुम्हाला स्वतःला शिक्षा करायची असेल तर दुसरी शोधा. ही मला होते."

दुसऱ्या दिवशी तो गेला. तीच खोली, तीच खुर्ची, तोच दिवा. डॉक्टरीणबाईंनी मागचा विषय काढला नाही. सुई टोचली, गाल बधिर झाला. पातं फिरलं ते त्याला कळलंही नाही. एक टाका पडला. बाईंनी बारीकशा बाटलीत काहीतरी टाकलं आणि बाटली उजेडात धरली. पाण्यात एक तांबूस ठिपका हलत होता.

"झालं," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"झालं सगळं. आज गरम काही पिऊ नका."

थोरल्यानं बाटलीकडं बघितलं, मग आपल्या हातांकडं बघितलं. एक खिळा ठोकून त्याचं टोक वळवायला याहून जास्त वेळ लागतो. "एवढंच?" तो म्हणाला. बधिर जिभेनं ते नीट उमटलं नाही, म्हणून त्यानं परत विचारलं, "बाई, एवढंच होतं?"

बाईंनी बाटलीचं झाकण लावलं. त्यांनी दाराकडं बघितलं आणि धाकटीनं तोंडाला पदर लावून पाठ फिरवली.

पुढच्या बाजाराला उत्तर आलं. वाईट काही निघालं नव्हतं. सततच्या घासण्यानं कातडी जाड झाली होती, तेवढंच. बाई म्हणाल्या, "तंबाखू बंद, खिळे तोंडात घालणं बंद, आणि दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. आज भीतीचं काही नाही." हे सांगताना त्यांना थोडं बरं वाटत असावं. रोज कुठं असं सांगायला मिळतं त्यांना.

बाहेर बाकावर धाकटी बसली होती. "काय म्हणाल्या?"

"खिळ्याचीच जागा आहे," थोरला म्हणाला.

म्हणजे त्याचं खरं होतं. त्याच्या गालापुरतं अगदी खरं होतं. दोन भाऊ, दोन डाग, वरून एकसारखे. बाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं की डोळ्यांना कळत नाही. त्यानं स्वतःचा गाल बघून भावाच्या गालाचा निकाल दिला होता.

धाकटी बाकावरून उठली. मग म्हणाली, "बरं झालं," आणि तिचं बोलणं मनापासूनचं होतं. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या, दगड उचलून मारला असता, तर थोरल्याला घरापर्यंत चालणं सोपं गेलं असतं.

घरी दाराशी एक गाडीवान बैल घेऊन वाट बघत होता. तरणा, पहिल्यांदाच नाल मारायला आणलेला बैल. त्याला पाडताना दोघांचाही दम निघाला. थोरल्यानं सवयीनं मूठभर खिळे उचलले, तोंडाशी नेले आणि थांबला. इकडं तिकडं बघून त्यानं ते एका पितळी वाटीत टाकले आणि वाटी गुडघ्याशी ठेवली. धाकट्याला दूध द्यायची ती वाटी होती, हे त्याला नंतर दिसलं.

बैल पाय ओढत होता, डोळे पांढरे करत होता. गाडीवानाला आवरेना. थोरल्याचं तोंड रिकामं होतं. एवढ्या वर्षांत काम करताना पहिल्यांदाच रिकामं होतं. काय करावं त्याला सुचेना, आणि मग तोंडातून आलं, "राजा."

बैलानं कान हलवला.

"राजा, नवे जोडे घालतोय तुला," थोरला म्हणाला. आवाज घोगरा, टाक्यानं गाल अजून ओढलेला. "लाथा कशाला झाडतोस? मला कुणी... मला जन्मात कुणी फुकट जोडे घातले नाहीत. तुझं नशीब बघ."

घरात भांडं पडल्याचा आवाज झाला. धाकटी धावत दारात आली, आणि कोण बोलतंय ते बघून चौकटीला धरून उभी राहिली. थोरल्यानं वर बघितलं नाही. तो बोलत राहिला आणि ठोकत राहिला, पुढचे पाय, मग मागचे. बैल शांत पडून होता.

काम संपलं. दोर सुटले. थोरल्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याचा हात तिथंच राहिला. बैल पडून वाट बघत होता. गाडीवानही वाट बघत होता.

"दादा, झालं ना?" गाडीवान म्हणाला. "मग म्हणा की त्याला."

थोरल्याचे ओठ हलले. जोडे म्हणून झालं होतं, नशीब म्हणून झालं होतं, पण तो एक शब्द काही केल्या बाहेर येईना. त्यानं मान नाही नाही अशी हलवली आणि तोंडावर पालथा हात धरला.

धाकटी उंबरा उतरून आली. वाकून खिळ्यांची वाटी तिनं बाजूला घेतली, बैलाला लागू नये म्हणून. मग थोरल्याच्या हाताशेजारी बैलाच्या पाठीवर तिनं आपला हात ठेवला.

"ऊठ रे बाबा," ती म्हणाली.

बैल उठला, अंगावरची माती झाडली आणि नव्या नालांवर जपून एक पाऊल पुढं टाकलं.